चिलखत आधी शिवावं लागतं

पहिल्यांदा छातीचा पत्रा ठोकणारा हौशी माणूस तो हमखास चार बोटं लांब करतो. आरशासमोर उभा राहून तो पँटच्या पट्ट्यापर्यंत माप घेतो, कारण आज आपल्या लेखी कंबर तिथेच असते. पत्रा तयार होतो, दिसतोही झकास. मग हा गडी खुर्चीत बसतो. खालची कड मांडीवर टेकते आणि वरची सरळ गळ्यात घुसते. चौदाव्या-पंधराव्या शतकातला मिलानचा किंवा जर्मनीतला कारागीर हा पत्रा बरगड्या संपतात तिथेच, बेंबीच्या वर, थांबवत असे. माणूस वाकतो तो तिथून. खालचं पोट आणि ओटी झाकायला एकावर एक सरकणाऱ्या आडव्या पट्ट्यांचा घेर लावलेला असे, आणि त्या पट्ट्या बसताना आपोआप एकमेकींत जमा होत. हे गणित पुस्तकात वाचून फारसं पटत नाही. गळ्याला कड लागली की पटतं.

मध्ययुगीन युरोपातल्या चिलखतांच्या प्रतिकृती घरी, गॅरेजमध्ये किंवा भाड्याच्या शेडमध्ये बनवणारे लोक आज अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, पोलंड, रशिया, ऑस्ट्रेलिया असे सगळीकडे आहेत. त्यांतले बहुतेक पोटासाठी दुसरंच काही करतात. हा नाद मात्र आजचा नाही. १८३९ सालच्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या एग्लिंटनच्या तरुण अर्लने जुन्या थाटाचे भाल्यांचे सामने भरवले. चिलखतं पुरवली लंडनच्या सॅम्युअल प्रॅट नावाच्या व्यापाऱ्याने. हजारो लोक पाहायला लोटले आणि पहिल्याच दिवशी असा पाऊस कोसळला की सरदारांच्या मिरवणुकीत छत्र्या उघडल्या. इंग्रजी वर्तमानपत्रांना पुढे बरेच दिवस चेष्टेला विषय पुरला.

पुढच्या शतकात हा विषय अभ्यासाचा झाला. त्यात मला सगळ्यांत गमतीचा माणूस वाटतो तो बॅशफर्ड डीन. तो मुळात प्राणिशास्त्रज्ञ. अंगावर हाडांचं कवच असलेले प्राचीन मासे हा त्याचा खास विषय. हाच माणूस न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये शस्त्रं आणि चिलखतं विभागाचा पहिला क्युरेटर झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी नव्या शिरस्त्राणांचे नमुने तयार करायची वेळ आली, तेव्हा त्याने संग्रहालयातली चिलखतं दुरुस्त करणारी कार्यशाळाच कामाला लावली.

सामान्य हौशी माणसापर्यंत हा छंद पोचला तो १९६६ नंतर. त्या वर्षी १ मे रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे काही इतिहासवेड्या मित्रांनी एका घराच्या परसात सामने खेळले, आणि त्यातून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम' ही संस्था उभी राहिली. त्यांच्या तलवारी वेताच्या असतात, पण तडाखे खरेखुरे. त्यामुळे डोक्यावर खरं पोलाद लागतं. शिरस्त्राणाचा पत्रा किमान १६ गेजचा, म्हणजे साधारण दीड मिलिमीटरचा हवा आणि तोंडावरच्या जाळीतून एक इंच जाडीची दांडी आत शिरता कामा नये, असे त्यांचे रोखठोक नियम आहेत. १९७२ साली सुरू झालेलं त्यांचं एक 'युद्ध' पेनसिल्व्हेनियात भरतं आणि त्याला दहा हजारांच्या घरात माणसं तंबू ठोकून राहतात. तिथे सगळेच काही पोलादी थाटात नसतात. निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांचे तुकडे कापून ते अंगरख्याच्या आत दडवणारेही ढिगाने दिसतात. मला त्यात काही गैर वाटत नाही, सुरुवात कुठून तरी करायचीच असते. दुसऱ्या टोकाला बोथट पोलादी शस्त्रांनी लढणारे आहेत. २०१० साली युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात त्यांची पहिली 'बॅटल ऑफ द नेशन्स' झाली. त्यांची गरज वेगळी. शोभा दुय्यम, बरगडी शाबूत राहिली पाहिजे.

या सगळ्यांना एकच गोष्ट उशिरा कळते. चिलखताचा खरा प्रश्न लोहाराचा नसून शिंप्याचा असतो.

पोलादाला अंगावर आपलं आपण राहता येत नाही. त्याला कुठेतरी टांगावं लागतं, आणि ते टांगलं जातं आतल्या कपड्याला. फ्रान्समधल्या लियाँच्या वस्त्रसंग्रहालयात शार्ल द ब्ल्वाचा म्हणून ओळखला जाणारा एक अंगरखा आहे. हा सरदार १३६४ साली ओरेच्या लढाईत मारला गेला. अंगरखा रेशमी, आत कापूस भरून टाचलेला, छातीला फुगीर आणि कंबरेला घट्ट आवळलेला. आतल्या बाजूला बंद आहेत, पायातले मोजे बांधून टांगायला. पण खरी करामत मुंढ्यात आहे. आजच्या कोटाचा मुंढा खांद्यावर संपतो, त्यामुळे हात वर केला की सगळा कोट वर चढतो. या अंगरख्याचा मुंढा जवळपास छातीच्या मध्यापर्यंत आणि मागे पाठीत खोल गेलेला आहे. बाहीला बगलेत कळ्या जोडल्या आहेत. हात डोक्यावर नेला तरी कंबर जागची हलत नाही. कंबर हलली नाही तर तिला टांगलेलं पायांचं चिलखतही हलत नाही. ज्याने हा अंगरखा बेतला त्याला हातात तलवार घेतलेल्या माणसाच्या हालचाली नक्की ठाऊक होत्या.

पंधराव्या शतकातलं एक इंग्रजी टिपण न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीतल्या एका हस्तलिखितात आहे. पायी लढणाऱ्या माणसाला चिलखत कसं चढवावं हे त्यात सांगितलंय. त्यात सदरा घालूच नका म्हटलंय. घालायचा तो थेट जाड कापडाचा अंगरखा, साटिनचं अस्तर लावलेला आणि जागोजाग भोकं पाडलेला. कोपराच्या वळणावर आणि बगलेत, जिथे पत्रा पोचत नाही, तिथे कड्यांच्या जाळीचे तुकडे शिवायचे. पत्रे बांधायच्या दोऱ्या आडव्या धनुष्याच्या प्रत्यंचेसारख्या बारीक सुताच्या वळायच्या आणि त्यांना चांभाराचं मेण चोळायचं, म्हणजे त्या ताणतही नाहीत आणि तुटतही नाहीत. गुडघ्याभोवती पातळ घोंगडीची पट्टी गुंडाळायची, पत्रा घासू नये म्हणून. मग चढवायला सुरुवात पायापासून. लिहिणाऱ्याने हे स्वतः अनुभवलं असावं असं मला वाटतं. घोंगडीची पट्टी कल्पनेतून सुचत नाही.

म्हणून जाणते लोक नवख्याला सांगतात की आधी अंगरखा शिव. तो कंबरेला इतका घट्ट हवा की पायांच्या पत्र्यांचं वजन खांद्यावर न जाता नितंबाच्या हाडावर उतरेल. ऐकतात थोडेच. हातोडी हाती आल्यावर सुईदोरा कोण घेतो? मग सगळे पत्रे टी-शर्टवर बेतले जातात आणि वर्षभराने गादीचा अंगरखा घातल्यावर एकही बक्कल लागत नाही.

मापासाठी पूर्वी काय करत? राजेरजवाडे परदेशी कारागिराकडे आपले कपडे पाठवत, क्वचित अवयवांचे मेणाचे नमुनेही. साध्या शिपायाला अर्थातच ही चैन नव्हती. चौदाव्या शतकात प्रातोचा व्यापारी फ्रांचेस्को दातिनी आव्हिन्याँच्या दुकानात तयार चिलखतांचा व्यापार करत होता. तेव्हाही दुकानातून आणलेलं आणि मापाचं यांत फरक होताच. आजचा हौशी माणूस जाड पुठ्ठा कापतो, चिकटपट्टीने अंगावर जोडतो, वाकून बसून पाहतो, पुन्हा कापतो. पुठ्ठ्यावर वाचवलेला एक तास पत्र्यावर आठवडाभर वसूल होतो.

आता गुडघा घ्या. छातीच्या पत्र्यापेक्षा गुडघ्याची वाटी कितीतरी जास्त शिकवते. पुठ्ठ्याचा आकार पत्र्यावर उतरवायचा, कापून कडा कानशीने गुळगुळीत करायच्या. झाडाच्या ओंडक्यात एक वाटीएवढा खळगा कोरलेला असतो, त्यावर पत्रा धरायचा आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडून मध्याकडे ठोके देत जायचं. दहा-बारा ठोक्यांत कडेला चुण्या पडायला लागतात. तिथे थांबून त्या चुण्या ऐरणीवर बसवून घ्यायच्या. चुणी एकदा स्वतःवर दुमडली की तिथे पत्रा चिरणारच. हळूहळू खोली येते, पण खळग्यात ठोकलेला पत्रा मध्ये ताणला जाऊन पातळ होतो, आणि मार नेमका मध्येच बसणार असतो. म्हणून शिरस्त्राणाच्या माथ्यासारखी कामं उलटी करतात. पत्रा लोखंडी खुंट्यावर पालथा घालून बाहेरून ठोकत ठोकत आवळत आणतात. त्याने जाडी टिकते, पण वेळ आणि खांदा दोन्ही जातात.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत उभं राहून हंडा घडताना पाहिला असेल, तर यातलं बरंचसं तुम्हाला ओळखीचं वाटेल. खुंट्यावर भांडं फिरवत एकसारखे ठोके देणं, ठोकून कडक झालेला धातू तापवून पुन्हा मऊ करणं, शेवटी मठार मारणं, सगळं तेच. फरक इतकाच की तांबट ठोक्याचे ठसे मिरवतो आणि चिलखतवाला ते पुसतो. घासून आरशासारखी केलेली हातोडी पत्र्यावर हलकी फिरवत तो बारीक उंचवटे बसवतो. हातोडीच्या तोंडावर एक ओरखडा असला तर तो प्रत्येक ठोक्याबरोबर पत्र्यावर छापला जातो.

वाटी झाली की तिच्या वर आणि खाली एकेक अरुंद पट्टी येते. मग मांडीचा पत्रा वरच्या पट्टीला जोडायचा. हे सगळं गुडघ्याबरोबर वाकलं पाहिजे आणि वाकताना कुठेही मांस उघडं पडता कामा नये. सगळा खेळ दोन्ही बाजूंच्या रिव्हेटच्या जागेत आहे. ती सांध्याच्या अक्षापासून सेंटिमीटरभर जरी सरकली, तरी पाय अर्धा वाकून अडतो किंवा वर फट पडते. अनुभवी हात सुरुवातीला रिव्हेट मारतच नाहीत. नट-बोल्ट घालून पायाला बांधतात, उठाबशा काढतात, जिने चढतात, भोक सरकवतात आणि मगच रिव्हेट ठोकतात. तीही इतकीच घट्ट की पट्ट्या खुळखुळणार नाहीत, पण फिरतील. त्यासाठी ठोकताना दोन पत्र्यांच्या मध्ये पातळ पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा आणि नंतर तो ओढून काढायचा.

यापेक्षा अवघड एकच भाग आहे, नडगी आणि पोटरी. पत्र्याची नळी करून ती पायाला बसत नाही. पोटरी फुगीर, घोटा बारीक, नडगीची रेषा बाजूने पाहिली तर किंचित वळलेली. हे कवच दोन भागांत घडवून बिजागरीने जोडतात आणि ते कातडीच्या इतकं जवळ बसावं लागतं की मध्ये फक्त मोजा राहील. सैल झालं तर ते प्रत्येक पावलाला खाली सरकून घोट्याच्या हाडावर आपटतं. अनेक जण आपल्या पायाचा प्लॅस्टरचा साचा काढून त्यावर काम करतात. उत्तम हौशी कारागीर ओळखायचा असेल तर छाती बघू नका, त्याच्या पोटऱ्या बघा.

पत्रा कोणता घ्यावा, यावर वाद घालणाऱ्यांना मी फारसं महत्त्व देत नाही. बाजारात मिळणारा साधा माइल्ड स्टीलचा पत्रा पुरतो. जुन्या पोलादात धातूमळाचे कण अडकलेले असत, तसे आजच्या पत्र्यात नसतात. थोडा जास्त कार्बन असलेलं पोलाद घेऊन, घडवून झाल्यावर लाल तापवून तेलात बुडवलं आणि पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा काढला, तर एक मिलिमीटरमध्येही काम भागतं. पण तेलात बुडवताना पत्रा वेडावाकडा होतो आणि नवख्याने तो धोका घेऊ नये. एक गोष्ट मात्र कधीच करू नये. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा तार तापवायची नाही. त्या धुराने थंडी-ताप भरतो. आणि कानात बोळे घालायचेच. शेजाऱ्यांचं काय करायचं ते मात्र ज्याचं त्याने पाहावं.

जाडीचं आणखी एक आहे. जुन्या पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी नसे. छातीच्या मध्ये आणि कपाळावर जाड, बाजूंना आणि पाठीला पातळ. आजचा पत्रा लाटून येतो, सगळीकडे एकसारखा. म्हणून हुबेहूब दिसणारी प्रतिकृती मूळ चिलखतापेक्षा बहुधा जड भरते, आणि जड भरते ती नको त्या जागी. रणांगणावरचं पूर्ण चिलखत सहसा २० ते २५ किलोंत बसत असे. २०११ साली लीड्स विद्यापीठाच्या ग्रॅहम अ‍ॅस्क्यू आणि सहकाऱ्यांनी चिलखत घालायची सवय असलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवलं, पळवलं. भार ३० ते ५० किलोंचा होता. चालायला एरवीच्या २.३ पट आणि पळायला १.९ पट ऊर्जा लागली. तेवढंच वजन पाठीवरच्या पिशवीत असतं तर इतका खर्च झाला नसता. नुसत्या पायांवर सात-आठ किलो पोलाद होतं आणि ते प्रत्येक पावलाला उचलून झोकावं लागत होतं. शिवाय छातीचा पत्रा दीर्घ श्वास घेऊ देत नव्हता. म्हणजे चिलखत घातलेला माणूस धापा टाकतो हे खरं. पण ऑलिव्हिएच्या १९४४ च्या 'हेन्री द फिफ्थ' चित्रपटात सरदाराला दोर-कप्पीने उचलून घोड्यावर बसवतात, ते थोतांड. फ्रेंच सेनापती बुसिको हा शिरस्त्राण सोडून बाकी सगळं चढवून कोलांटी मारत असे आणि शिडीच्या उलट्या बाजूने नुसत्या हातांनी चढत असे, असं १४०९ मध्ये पुऱ्या झालेल्या त्याच्या चरित्रात नोंदलंय. चरित्रकार पदरचं घालतात हे धरलं, तरी मापाचं चिलखत घालून आजही लोक कोलांट्या मारून दाखवतात.

नमुना कुठून घ्यायचा? सुटी चिलखतं संग्रहालयांत पुष्कळ आहेत, पण जशीच्या तशी राहिलेली फार थोडी. इटलीच्या उत्तर टोकाला, दक्षिण टिरोलमधल्या चुरबुर्गच्या गढीत एका घराण्याची चिलखतं शतकानुशतकं जागच्या जागी आहेत. मांतुआजवळच्या सांता मारिया देले ग्राझिए चर्चमध्ये नवसाच्या पुतळ्यांच्या अंगावर रंग फासलेली पंधराव्या शतकातली खरी चिलखतं होती, आणि ती विसाव्या शतकापर्यंत कोणाच्या ध्यानात आली नाहीत. वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये रिचर्ड बोशँप या अर्लचा १४५० च्या सुमाराचा सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा समाधीवर उताणा पडलाय. त्याची पाठ कोणाला दिसणार नव्हती, तरी ओतणाऱ्याने मागच्या पट्ट्या, बकलं, बिजागऱ्या सगळं कोरून ठेवलं. पाठीचा पत्रा करणारे हौशी लोक त्या हाताला दुवा देतात.

सगळ्यांत महत्त्वाचा साठा मात्र शोकाचा आहे. १३६१ च्या जुलैमध्ये डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार याने स्वीडनजवळच्या गोटलँड बेटावरच्या शेतकऱ्यांच्या फौजेची विस्बी शहराच्या तटाबाहेर कत्तल केली. प्रेतं अंगावरच्या चिलखतासकट सामाईक खड्ड्यांत पुरली गेली. १९०५ ते १९३० च्या दरम्यान ते खड्डे उकरले गेले आणि बेंट थोर्डेमन यांनी १९३९-४० मध्ये त्याचा मोठा ग्रंथ केला. त्यात पंचवीसेक चिलखतं अशी आहेत की कापडाच्या किंवा चामड्याच्या बंडीला आतून लोखंडी पट्ट्या रिव्हेटने ठोकलेल्या. बाहेरून दिसतात फक्त रिव्हेटच्या डोक्यांच्या रांगा. यात फारसं खोलगट काही ठोकायचं नसतं, पट्ट्या कापायच्या, किंचित वाकवायच्या आणि ठोकायच्या. शेतकऱ्यांना परवडलं ते हौशी माणसालाही परवडतं. पहिला प्रकल्प म्हणून यासारखा दुसरा नाही.

कड्यांच्या चिलखतावर मी फार बोलणार नाही. तारेचं भेंडोळं दांडीवर गुंडाळून कड्या कापायच्या आणि एका कडीत चार ओवत जायचं. एका अंगरख्याला वीस-तीस हजार कड्या सहज लागतात. टीव्हीसमोर बसून करता येतं, एवढाच त्याचा मोठेपणा. जुन्या कड्यांचं टोक चपटं करून त्यात बारीक रिव्हेट मारलेली असे. ते काम आज जगभरच्या हौशी लोकांसाठी बरंचसं भारतात होतं. १९४३ साली सुरू झालेली देहरादूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स ही कंपनी तर तलवारी-चिलखतांच्या प्रतिकृतींसाठी युरोप-अमेरिकेत ठाऊक आहे.

हा नाद करून पाहायचाच असेल, तर पहिल्या महिन्यात पत्रा विकत घेऊ नका. ओळखीचा शिंपी गाठा, मोठ्या मुंढ्याचा, कंबरेला घट्ट असा कापूस भरलेला अंगरखा शिवून घ्या आणि तो घालून अर्धा तास लाकडी दांडा फिरवून पाहा. मग विस्बीच्या धर्तीची पट्ट्यांची बंडी करा, मग गुडघा. शिरस्त्राण शेवटी. आणि पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आपल्याकडची चिलखतं पाहाल, तेव्हा नक्षीवरून नजर काढून कडेची भोकं, वाद्या आणि अस्तराच्या खुणा शोधा. मुलगा किंवा भाची इंग्लंडात असेल तर लंडनचं वॉलेस कलेक्शन आणि लीड्सचं रॉयल आर्मरीज चुकवू नका. दोन्हीकडे प्रवेश फुकट आहे.